जुन्या गाडीची बॉडी माउंट रबरं बदलताना

गतिरोधकावरून उतरताना मागच्या सीटखालून एकच ‘ठक्’ आवाज येतो. शॉक ॲब्सॉर्बर बदलले, सस्पेन्शनचे बुश बदलले, तरी ठोका तिथेच. ड्रायव्हरच्या बाजूचं दार किंचित उचलून लावावं लागतं. बॉनेट उघडून पाहिलं, तर पंख्याच्या पात्यांनी रेडिएटरच्या आवरणावर घासून रेघ पाडलेली. ही तीन वेगवेगळी दुखणी समजून तीन वेगवेगळ्या मिस्त्रींकडे जाण्याआधी गाडीखाली टॉर्च घेऊन शिरावं आणि बॉडी व चासी (खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामधली रबरं, म्हणजेच बॉडी माउंट, पाहावीत. साठ वर्षांच्या गाडीत ती बहुधा भेगाळून चपटी झालेली असतात, आणि खालच्या बाजूची काही तर गळूनच पडलेली असतात.

अर्थात आधी आपल्या गाडीला ही रबरं आहेत का, तेवढं बघा. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्हींना वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तिथे बॉडी माउंट हा प्रकारच नाही, ठोका दुसरीकडे शोधायचा. जीप, स्टँडर्ड हेराल्ड आणि मोठ्या अमेरिकी गाड्या मात्र दोन भागांच्या: खाली चासी, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं, वर बोल्टने बसवलेली बॉडी. 1967 ते 69 ची शेव्हरले कॅमॅरो यांच्या मधली. तिचा मागचा भाग एकसंध आहे आणि पुढची अर्धी चासी वेगळी, म्हणून तिला चासीची चार आणि रेडिएटरच्या चौकटीची दोन अशी सहाच रबरं. या लेखात डोळ्यांपुढे ठेवली आहे ती 1965 पासूनची शेव्हरले इम्पाला किंवा तिच्यासारखी मोठी गाडी. 1958 ते 64 च्या इम्पालाची चासी इंग्रजी एक्सच्या आकाराची होती. 1965 पासून बॉडीच्या कडेकडेने फिरणारी चौकट आली. पद्धत मात्र सगळीकडे जवळपास तीच.

एक माउंट म्हणजे एक रबर नव्हे. बॉडीच्या खाली, चासीच्या ब्रॅकेटवर बसतं ते वरचं जाड रबर. बॉडीचं वजन ते पेलतं. ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला दुसरं, बहुधा पातळ रबर असतं. गाडी खड्ड्यातून उसळली की बॉडीला वर निसटू न देणं हे त्याचं काम. दोन्हींच्या मधून लोखंडी नळी जाते, तिला स्लीव्ह म्हणतात. खालून मोठा वायसर लावून बोल्ट वर जातो आणि बॉडीच्या पोटात पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेल्या नटमध्ये बसतो. हा पिंजऱ्यातला नट लक्षात ठेवा, पुढे सगळ्यात जास्त त्रास तोच देणार आहे. काही जागी बोल्ट नसतोच, नुसती टेकण म्हणून गादी असते. काही जागी रबराखाली पातळ पत्र्याचे तुकडे सापडतात. तो कचरा नव्हे. कारखान्यात दारांच्या फटी जुळवण्यासाठी घातलेले ते शिम आहेत.

या जोडणीतलं सगळ्यात दुर्लक्षित अंग म्हणजे स्लीव्ह. उदाहरणादाखल वरचं रबर 30 मिमी, ब्रॅकेटचा पत्रा 4 मिमी आणि खालचं रबर 20 मिमी धरा, एकूण 54. स्लीव्हची लांबी 46 असेल, तर बोल्ट आवळताना रबरं 8 मिमी दबतात आणि मग वायसर स्लीव्हला टेकतो. पुढे कितीही जोर लावा, रबर आणखी दबत नाही. रबर किती दाबलेलं असावं हे मिस्त्रीचा हात नाही, नळीची लांबी ठरवते. म्हणून गंजलेली स्लीव्ह फेकून नुसता बोल्ट आवळला की रबर पिचून बाहेर फुगतं आणि वर्षभरात फाटतं. उलट स्लीव्ह लांब पडली तर बोल्ट घट्ट, पण रबर सैल, आणि ठोका जसाच्या तसा. वरच्या रबराला खाली एक गोल खांदा असतो, तो ब्रॅकेटच्या भोकात बसतो आणि नळीला लोखंडापासून लांब ठेवतो. हा खांदा फाटला की नळी भोकाच्या कडेवर आपटते. सीटखालचा तो ‘ठक्’ पुष्कळदा हाच असतो.

खात्री करायला दोन साधे प्रयोग पुरेत. एकाने गाडीत बसून गाडी गिअरमध्ये ठेवावी, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडावा, आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून दाराखालची पट्टी आणि चासी यांच्यात किती हालचाल होते ते पाहावं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहू नये. दुसरा प्रयोग पहारीचा: लाकडाचा ठोकळा टेकू देऊन माउंटजवळ बॉडी हलकेच उचलून पाहायची. चांगलं रबर थोडं दबून परत येतं; मेलेलं रबर नुसती फट उघडून दाखवतं. दार लटकत असेल तर ते उघडून टोकाला धरून वर-खाली करा. बिजागरीतच खेळ असला तर पिना आणि बुश बदला, रबरांना बोल लावू नका. पंखा आवरणाला घासण्याचं कारण मात्र सरळ आहे: रेडिएटर आणि आवरण बॉडीच्या पुढच्या चौकटीवर, पंखा इंजिनवर, इंजिन चासीवर. चौकटीखालची दोन रबरं बसली की आवरण खाली येतं आणि पंखा तिथेच राहतो.

आता रबर कुठलं घ्यायचं? बाजारात तीन प्रकार सांगितले जातील: मूळच्यासारखं रबर, पॉलियुरेथेन आणि भरीव ॲल्युमिनियम. रबराचा कडकपणा शोअर ए मापावर साधारण 60 ते 70, पॉलियुरेथेनचा 80 च्या वर. पॉलियुरेथेन टिकतं, तेलाला दाद देत नाही; पण रस्त्याची आणि इंजिनची कंपनं थेट आत आणतं आणि कधी कधी कुरकुरतं. ॲल्युमिनियम शर्यतीच्या गाडीचं. मोठ्या आरामशीर गाडीत आमचं मत स्पष्टपणे रबराच्या बाजूने आहे, आणि ते नुसतं जुन्याचं प्रेम नव्हे. 1965 च्या फोर्डची चासी ठरावीक जागी मुद्दाम लवचीक ठेवली होती. रस्त्याचा धक्का चासीने गिळायचा आणि उरलेला रबरांनी. त्याच गाडीची ‘रोल्स-रॉइसपेक्षा शांत’ ही जाहिरात गाजली. तिथे कडक पॉलियुरेथेन घालणं म्हणजे गाडीचा मुख्य गुणच काढून टाकणं. जीपची गोष्ट वेगळी. तिच्यात शांततेची अपेक्षा कोणी करत नाही, तिथे पॉलियुरेथेन खुशाल चालेल. एवढं पाळा की एकाच गाडीत दोन प्रकार मिसळायचे नाहीत. मऊ रबर जास्त दबतं, कडक कमी. बॉडीला कायमचा पीळ बसतो.

आणि रबरं नेहमी पूर्ण संचानेच बदलायची. चार फाटली म्हणून चारच नवी घातली, की नवी 6 ते 8 मिमी उंच उभी राहतात, जुनी बसलेलीच. दारांच्या फटी आधीपेक्षा बिघडतात. संच मागवताना वर्ष आणि मॉडेल सांगून भागत नाही. गाडी हार्डटॉप (दाराच्या काचांमध्ये खांब नसलेली) आहे, चार दारांची आहे की कन्व्हर्टिबल, तेही सांगा. छत नसलेल्या गाडीची बॉडी चासीवर जास्त अवलंबून असते, त्यामुळे माउंटची संख्या आणि जागा वेगळ्या असू शकतात.

संच मिळत नसेल आणि रबरं साच्यातून करून घ्यायची असतील, तर जुन्या रबराची उंची नमुना म्हणून देऊ नका. ते साठ वर्षं दबून बसलेलं आहे. माप घ्या स्लीव्हचं, ब्रॅकेटच्या भोकाचं आणि पत्र्याच्या जाडीचं, आणि उंची त्यावरून काढा. खालचं रबर त्यातल्या त्यात कमी बसलेलं असतं, आकारासाठी तेच दाखवा. स्लीव्ह जाड नळीतून लेथवर कापून घ्या. सगळ्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी हवी. टायर किंवा कन्व्हेयर बेल्ट कापून केलेल्या चकत्या जीपखाली सर्रास दिसतात. त्यांच्यात दोऱ्यांचे थर असतात, त्या दबत नाहीत, आणि खांदा नसल्यामुळे बोल्ट भोकात हलतो. गाडी घरी न्यायला ठीक. कायमचा इलाज म्हणून नाही.

बोल्ट इंची आहेत हे विसरू नका. अमेरिकी गाडीत बहुधा 3/8 इंच जाडीचे, इंचाला 16 आट्यांचे, किंवा 7/16 इंच जाडीचे, इंचाला 14 आट्यांचे सापडतील. 3/8 च्या डोक्याला 9/16 चा पाना लागतो. तो 14.3 मिमी होतो, म्हणजे 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा डोकं गोल करतो. 7/16 ला 5/8 चा पाना. तिथे 16 चा सॉकेट चालून जातो, 0.1 मिमीचाच फरक आहे. डोक्यावर तीन रेघा असलेला, म्हणजे ग्रेड 5 चा बोल्ट घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला इंची बोल्ट अजून मिळतात, पुण्यात नाना पेठेत चौकशी करावी. मिळाला नाही म्हणून 12 मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून नट खराब करू नका.

काम सुरू करण्याआधी चार दिवस रोज नटवर तेल सोडा. साधं वंगण नको, गंजात झिरपणारं पेनेट्रेटिंग ऑइल. खालून मारलेलं तेल रबरात आणि स्लीव्हमध्ये जिरतं, नटपर्यंत पोहोचत नाही; म्हणून कार्पेट आणि डिकीतलं मॅट काढून वरची रबरी बुचं उघडा आणि नटच्या डोक्यावर तेल सोडा. जिथे बुच नाही तिथे नट ज्यात असतो त्या पत्र्याच्या चॅनेलच्या फटीतून बारीक नळीने.

त्याच चार दिवसांत मापं घ्या. प्रत्येक दाराची फट पुढे, मागे, वर आणि खाली मोजून तिथेच चिकटपट्टीवर आणि एका वहीतही मिलिमीटरमध्ये लिहा. प्रत्येक माउंटजवळ बॉडी आणि चासी यांच्यातलं अंतर लिहा. कुठल्या जागी किती शिम आहेत त्याचा फोटो आणि आकडा दोन्ही ठेवा. ही वही नसेल तर काम झाल्यावर काय सुधारलं आणि काय बिघडलं, ते सांगायला काहीच आधार राहत नाही.

बॉडी उचलायची ती 25 ते 40 मिमी, रबर आत सरकेल एवढीच. पण तेवढ्यानेही बॉडी आणि चासी यांना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते, आणि नुकसान होतं ते इथे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंख्याचं आवरण सोडवा, नाहीतर उचलताना ते पात्यांवर बसेल. स्टीअरिंग कॉलमचा जोड, कॉलमवरून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळ्या, क्लचची जोडणी, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, ॲक्सिलरेटरची सळी, हीटरचे पाइप आणि पेट्रोल भरण्याची नळी एकेक करून पाहा; ज्यात ढील नाही ते सोडवा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर बॉडीवर आणि पाइप चासीवर असतो. चासीवरच्या क्लिपा सोडून पाइपला मोकळीक द्या, वाकवू नका. बंपर चासीवर असतो आणि मडगार्ड बॉडीवर, तिथे रंग खरचटतो.

चासी चार स्टँडवर पक्की उभी करा, म्हणजे जॅक फक्त बॉडीसाठी उरतो. मग दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, पण पूर्ण काढायचे ते एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूचे सैल बोल्ट बिजागरीसारखं काम करतात आणि बॉडी घसरत नाही. जॅकवर थेट बॉडी ठेवली तर पत्रा आत जातो. दाराखालच्या मजबूत पट्टीला चार-पाच फूट लांब जाड लाकडी वासा लावा आणि दोन जॅकनी दोन्ही टोकं एकदमच, बोटबोटभर, वर घ्या. एकाच कोपऱ्यातून उचललं की विंडस्क्रीनला तडा जाण्याची भीती असते. कन्व्हर्टिबलमध्ये दाराच्या चौकटीत आधी पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टी बोल्टने बांधा. छत नसल्यामुळे बॉडी मधोमध वाकते आणि नंतर दार लागतच नाही. वर घेतल्यावर प्रत्येक दोन माउंटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा सरकवा, आणि ठोकळा बसल्याशिवाय त्या फटीत बोट घालू नका.

आता तो पिंजऱ्यातला नट. बोल्ट फिरतोय पण खाली येत नाही, तर दोनच शक्यता. पहिली, पिंजरा गंजून फाटला आणि नट बोल्टबरोबर गरगरतोय. दुसरी, बोल्ट स्लीव्हला गंजाने चिकटलाय आणि नळी, रबर, बोल्ट सगळं एकत्र फिरतंय. दुसरीत घाबरण्यासारखं काही नाही: रबर करवतीने कापून काढा, मग नळी उभी चिरा. पहिलीत वरून वाट करावी लागते. नटच्या बरोबर वर, फ्लोअरच्या पत्र्यात तीन बाजूंनी साधारण 60 मिमीची खिडकी कापा, झाकणासारखी उलगडा, पान्याने नट धरा आणि खालून बोल्ट सोडा. नवा नट पिंजऱ्यात बसवण्याच्या फंदात पडू नका. 6 मिमी जाडीच्या, 40 मिमी चौरस पट्टीवर नट वेल्ड करून ती आत ठेवा. चौकोन चॅनेलमध्ये अडतो, फिरत नाही. खिडकी परत दाबून वेल्ड करा, वर सीलर आणि रंग. कोकणपट्टीत राहिलेल्या गाडीत निम्म्या नटांना ही शस्त्रक्रिया लागली तरी आश्चर्य वाटू नये, दमट हवा आधी पिंजरे खाते.

बोल्ट तुटला आणि अर्धा नटमध्ये राहिला, तर मध्यबिंदूवर पंच मारून बारीक ड्रिलने सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने वाढवा. 3/8 च्या टॅपसाठी शेवटचं ड्रिल 8 मिमी, 7/16 साठी 9.3 ते 9.4 मिमी. गॅसची ज्योत दाखवणं हा गॅरेजमधला पहिला सल्ला असतो आणि तो काम करतोही; पण वर कार्पेट आणि अंडरकोटचं डांबर, शेजारी ब्रेक पाइप आणि मागे पेट्रोलची टाकी आहे. टाकीजवळच्या माउंटवर ज्योत किंवा ग्राइंडर चालवायचा नाही, हा नियम समजा. वेल्डिंगच्या वेळी टाकी काढून लांब ठेवा.

जुनं रबर निघालं की ब्रॅकेट घासून पाहा. भोक लंबगोल झालं असेल तर खांदा त्यात बसणार नाही. योग्य मापाचा जाड वायसर वेल्ड करून भोक गोल करा. बॉडीच्या बाजूचा पत्रा टोचणीने टोचून बघा. टोचणी आत गेली तर थांबा, आधी पत्रा बदला. सडक्या पत्र्याखाली नवं रबर घालण्यात अर्थ नाही, वजन पडलं की पत्राच रबरावर चुरगळतो. घासलेल्या जागी गंजरोधक प्राइमर मारा आणि तो वाळू द्या.

बसवताना रबराला ग्रीस लावू नका, खनिज तेलाने ते फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. शिम ज्या जागचे त्याच जागी. वरच्या रबराचा खांदा भोकात पूर्ण बसलाय का, ते बोट फिरवून पाहा; तो कडेवर चिमटला गेला तर तेवढा कोपरा उंच राहतो आणि दिवसभर शिम बदलूनही फट जुळत नाही. स्लीव्ह, खालचं रबर, वायसर आणि बोल्ट, या क्रमाने. बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावा आणि चार-पाच फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे वाकडे चढलेत, पाना लावू नका. ही बाजू खाली बसवा, बोल्ट सैलच ठेवा, मग दुसरी बाजू. रेडिएटरच्या चौकटीची दोन सगळ्यात शेवटी.

आवळणी गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. डॅशबोर्डखालच्या माउंटपासून सुरुवात करून पुढे आणि मागे जा, एकदा डावं, एकदा उजवं. साठच्या दशकातल्या या मापाच्या बोल्टना साधारण 35 फुट-पौंड, म्हणजे 47 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या शॉप मॅन्युअलचा घ्या, आणि अँटी-सीझ लावलं असेल तर थोडा कमी ठेवा. इम्पॅक्ट गनने आवळू नका. दुरुस्त केलेला पिंजरा तिच्या पहिल्याच झटक्यात जातो.

बॉडी आता 5 ते 10 मिमी वर आलेली असेल. त्यामुळे गिअरच्या सळ्या, क्लचचा खेळ आणि पंख्याभोवतीची फट पुन्हा जुळवावी लागते. बिजागऱ्यांना मात्र लगेच हात लावू नका. आधी वहीतली मापं ताडून पाहा. एखाद्या कोपऱ्यात दाराची वरची फट मिटत असेल तर त्या माउंटखाली एक शिम वाढवून किंवा काढून ती जुळते. रंगकाम ठरलेलं असेल तर हे सगळं रंगाच्या आधी करा. नव्या रंगाच्या दारांच्या कडा फटी जुळवताना हमखास उडतात.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी न विसरता, दोन्ही टोकं घासून, परत लावा. नवं रबर बॉडीला चासीपासून विजेच्या दृष्टीनेही तोडतं. पट्टी राहिली तर दिवे मंद होतात, आणि स्टार्टरचा करंट वाट शोधत हँडब्रेकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल तापून चिकटते.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. एखादा अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला, तर तिथे स्लीव्ह लांबीला चुकली आहे किंवा वायसर वाकला आहे. नुसता आवळून सोडून देऊ नका, उघडून पाहा.